माठातलं पाणी

आबा, सकाळीच लिहायला बसलो होतो. मग चहा झाला, मग कोपऱ्यावरच्या जीन्स शिवणाऱ्या सिंधी शेठशी गप्पा, तिथून कुणाचा तरी पंखा बघायला गेलो, आणि आता दुपार कललीये. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली, माझं बूड अजून एका जागी ठरत नाही. सध्या मात्र कॅम्प पाच नावाच्या वस्तीत खोली आहे, आणि बायकोला आठवा महिना लागलाय. सकाळी नळाखाली कळशी लावून तिने नाक मुरडलं. "अहो, परत तो दवाखान्याचा वास. शेजारची भाभी म्हणते, पाण्यातल्या औषधाचं जहर बनतं. बाळासाठी विहिरीचं आणायचं का?" मी दचकलोच.

तुम्ही जांभूळ गावच्या पाणी शुद्ध करायच्या केंद्रावर क्लोरीन सोडायचात. घरी आलात की चप्पल काढायच्या आधी नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचात, औषधाचे थेंब टाकून उजेडात धरायचात. फिकट पिवळं दिसलं, म्हणजे क्लोरीन पोचलाय, की आईला म्हणायचात, "भर." मी तेव्हा शाळा सोडून एमआयडीसीत पिंपं धुवत होतो. तिथल्या केमिस्टने सांगितलं, पाण्यात कुजका पाला असला की क्लोरीनचं त्याच्याशी जमून क्लोरोफॉर्म बनतं. अर्धं ऐकून मी घरी आलो आणि तुम्ही जेवत असताना म्हणालो, "तुम्ही लोकांना विष पाजता." तुम्ही घास गिळलात. "बस आधी." मी कशाला बसतो! दुसऱ्या दिवसापासून गुपचूप घरचा माठ शेताकडच्या विहिरीच्या पाण्याने भरायला लागलो. तुम्ही तपासायचात तो नळ, माठ नाही.

महिन्याभरात ताईचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यातून आलात ते थेट माठाकडे. नळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. रंग येत नाही. तुम्ही माझ्याकडे बघता, आई भाकरी थापतेय. तुम्ही माठ मोरीत उपडा करता.

दुसऱ्या दिवशी मला कामावर घेऊन गेलात. टाकीच्या कठड्याशी म्हणालात, "तुझा केमिस्ट खोटं नाय बोलला. पण ते भोवलं तर वर्षानुवर्षांनी भोवतं, कावीळ महिन्यात. म्हणून क्लोरीन बंद नाय करायचा, येड्या. आधी तुरटीने गाळ बसवायचा, गाळायचं, क्लोरीन शेवटी. मग तो कमी लागतो, ते जहरपण कमी बनतं. साहेबाला तेच सांगतोय, ऐकतील कधीतरी." ऐकलं की नाही, मला माहीत नाही. तुमच्या जागी हल्ली असलेला माणूस परवा टपरीवर भेटला, म्हणाला, आता क्लोरीन शेवटीच सोडतात. मला उगाच दोन चहा पाजावेसे वाटले त्याला.

बायकोला सांगितलं, "नळाचंच पी. झाकण न ठेवता खळखळून उकळ, वास उडेल, त्याच्यासोबत ते दुसरंही बरंचसं उडेल. निवलं की झाक." ती हसली. "तुम्हाला कुठून कळतं हो एवढं?" मी म्हटलं, फिरताना कळतं. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं.

ताई ठणठणीत आहे, तिची दोन पोरं घर डोक्यावर घेतात. रविवारी ओटी भरायला येतेय. तिला अजून वाटतं, ती कावीळ स्टेशनबाहेरच्या उसाच्या रसाने झाली. तुम्ही कुणालाच सांगितलं नाहीत. मी रविवारी तिला सांगणार आहे. हे तुम्हाला लिहिलं ते, खरं सांगू, आधी सराव म्हणून.