टोपीचा स्वेटर आणि चार दुकानदार

मिरकरवाडा, रत्नागिरी
गुरुवार, दुपारचे साडेतीन

ती. हिराताईस,

धाकट्या भिकाजीचा, कंबर परवानगी देईल तितका वाकून, नमस्कार.

तुझा उजवा गुडघा काय म्हणतो? निर्गुडीच्या पाल्याने उतार पडला असेल तर कळव. नसेल तर कळवू नकोस, कारण तोच पाला मीही बांधतोय आणि माझा विश्वास उडायला नको. भातं कापून झाली का? यंदा डुकरांनी तुमच्यासाठी काही ठेवलं की नाही? मी इथे ठीक आहे. (ठीक म्हणजे काय ते तुला ठाऊक आहे. मैना गेल्यापासून दोन वर्षं मी ठीकच आहे.) फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तुला ऐकू येत नाही, मग मला ओरडावं लागतं, आणि मी ओरडलो की शेजारच्या मृणालीला वाटतं काका पडले. ती हातातल्या झाऱ्यासकट धावत येते. दोनदा आली बिचारी. तिसऱ्यांदा तिला धाववणं बरं दिसत नाही.

तर गो ताई, चाळीस वर्षं लाँचची इंजिनं खोलण्यात घालवलेला तुझा भाऊ सध्या तरुण पोरांच्या कपड्यांतला जाणकार झाला आहे. हसू नकोस, आधी ऐक. मे महिन्यात हर्षद, नेत्रा आणि ओमकार वाशीहून चार दिवस येऊन गेले. आपला ओमकार आता सतरा वर्षांचा, माझ्याहून वीतभर उंच. पहिले तीन दिवस त्याचं माझं बोलणं ‘आजोबा, प्लग कुठाय’ आणि ‘आजोबा, इथे रेंज कुठे येते’ एवढंच. (रेंज मागच्या माडाखाली येते. म्हणून तो माडाखाली, मी पडवीत.) चौथ्या दिवशी, डोक्यावर नारळ पडेल रे बाबा, हे सांगायला म्हणून मी तिकडे गेलो, तर नव्या होडीकडे तांडेल बघतो तसा तो फोनमधल्या एका स्वेटराकडे बघत होता. मी आपलं विचारलं, ‘हे काय रे?’ ताई, त्या पोराने चक्क सरकून मला जागा करून दिली. आणि अर्धा तास बोलला!

त्या प्रकाराला हुडी म्हणतात. म्हणजे कानटोपी अंगालाच शिवलेला स्वेटर. पाठीवर ‘व्हॉर्टेन’ असं एका परदेशी कंपनीचं नाव, आणि त्या नावाची किंमत अशी की तेवढ्यात आमच्या काळी जुनं इंजिन आलं असतं, वर बसवायची मजुरी निघाली असती. म्हणून मग लोक नक्कल घेतात. नकलांतही जाती आहेत. साधी कॉपी, तिच्यावर फर्स्ट कॉपी, तिच्यावर मास्टर कॉपी, आणि सगळ्यांत वर मिरर कॉपी. ती इतकी हुबेहूब की कंपनीच्या मालकालाही आपण अंगात कोणती घातली आहे ते कळू नये. मी म्हटलं, ‘मग खऱ्याचं खरेपण राहिलं कुठे?’ ओमकार म्हणाला, ‘आजोबा, पॉइंट आहे तुमच्या बोलण्यात.’ आयुष्यात मला असं कोणी म्हणालेलं नाही. मैना तर नाहीच नाही. दुसऱ्या दिवशी ते गेले. तो बसला होता ती प्लास्टिकची खुर्ची अजून माडाखालीच आहे. (मध्ये नारळ पडून तिचा एक हात गेला. तरी.)

ऑक्टोबरात त्याचा वाढदिवस, तेव्हा त्याला हा स्वेटर द्यायचा, असं मी ठरवलं आणि दुकानदार शोधायला लागलो. दुकानं सगळी फोनमध्ये. आपण मासळी घेताना पहिल्याच टोपलीशी थांबतो का? डोळा बघायचा, कल्ले उचलून लाल आहेत का बघायचे, बोटाने दाबायचं. मी म्हटलं, इथेही तसंच करायचं.

पहिला ‘मिलान वॉर्डरोब’. त्याच्या पानावर युरोपातल्या इमारती, आणि फोन लावला की मागे वडापाववाल्याची हाक. मी त्याला म्हटलं, स्वेटर उलटा करून आतली शिवण दाखव, म्हणजे कल्ले उचलून दाखव असं समज. तो म्हणाला, ‘काय, ब्रो?’ मग माप विचारलं. मी म्हटलं, उंच आहे, सडपातळ आहे, निघताना गळ्यात पडला तेव्हा त्याची हनुवटी माझ्या टकलावर टेकली. तो म्हणाला, ‘ब्रो, एम की एल?’ आठ दिवसांनी माल आला. पाठीवर ‘व्हॉर्टन’. इंग्रजीतलं मधलं एक अक्षर गायब. मी विचारलं, ते कुठे गेलं? तर उत्तर आलं, ‘अंकल, ते सायलेंट असतं.’ (माल पोचेपर्यंत मी ब्रो होतो. तक्रार केली आणि अंकल झालो.)

दुसरा ‘राजा ड्रिप हाउस’. ड्रिप म्हटल्यावर मला वाटलं ठिबक सिंचन, म्हणून मी तुझ्या परसबागेसाठी नळ्यांचीही चौकशी करून टाकली. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि मग सांगितलं की हल्ली झोकदार कपड्यांना ड्रिप म्हणतात. ते नाव किती खरं होतं हे स्वेटर भिजवल्यावर कळलं. असा ठिबकला म्हणतेस! जांभळा रंग बादलीभर. त्यात माझे दोन पंचे गेले, बनियन गेली, आणि मैनाची पांढरी सुती साडी, जी मी उशीवर घालतो, तीही जांभळी झाली. तिला तो रंग मुळीच आवडायचा नाही. दोन दिवस मला त्या उशीवर डोकं टेकवायची लाज वाटली.

अक्षर गळलेला पहिला स्वेटर परत घ्यायला मिलानवाला तयार होईना. टाकवेना, म्हणून मीच तो अंगात घातला आणि सकाळी जेटीवर लिलाव बघायला गेलो. ताई, ऑक्टोबरातलं ऊन, अंगात गोधडीएवढं जाड कापड, डोक्यावर टोपी. पण काय सांगू! ज्या जेटीवर मी दोन वर्षं रोज जातो आणि ‘काय भिकाजी’ याच्या पुढे कोणी जात नाही, तिथे माझ्याभोवती घोळका. कोणी म्हणे, तू दुबईला जाऊन आलास काय? कोणी म्हणे, मुलाने पाठवला ना? (मी ‘होय’ म्हणालो. असू दे.) बँकेतल्या रखवालदाराने टोपी काढायला लावली, तेवढ्या निमित्ताने तोही पाच मिनिटं बोलला. कॉलेजच्या दोन मुलींनी ‘आजोबा, कडक!’ म्हणत फोटो काढला. मी ओळीने तीन दिवस तो घातला. चौथ्या दिवशी पाठभर घामोळं उठलं आणि मृणालीने कपाळाला हात लावून बघितला, ‘काका, थंडीताप नाही ना?’ मग बंद केला. पाचव्या दिवशी जेटीवर पुन्हा ‘काय भिकाजी’.

तिसरी दुकानदारीण सुरतेची हेतलबेन. माहेर नंदुरबारचं, त्यामुळे मराठी बोलते, फक्त प्रत्येक वाक्य झोपाळ्यावर बसल्यासारखं हेलकावे घेतं. घरातच दोन मशीनं टाकून तीन बायका शिवतात. मी नेहमीप्रमाणे कल्ले उचलून दाखवायला सांगितलं, तर तिने खरंच सगळी शिवण फोटो काढून दाखवली. आणि मग लिहिलं, ‘काका, जेवलात?’ दुपारचे चार वाजले होते. मला हे विचारणारं माणूस जाऊन दोन वर्षं झाली. मी खरं तेच लिहिलं, ‘नाही.’ ‘का?’ ‘एकट्यासाठी मांडामांड कोण करतो.’ तिने लिहिलं, ‘आधी दोन घास खाऊन घ्या, मग भाव बोलू.’ मी उठून पेजेत लोणचं घालून खाल्लं आणि तिला तसं कळवलं.

त्यानंतर माझ्याकडून चौकशी जरा लांबली. एका दिवशी दोरा कोणता वापरता. दुसऱ्या दिवशी टोपीची नाडी धुतल्यावर आखडते का. मग खिसे. मग बाह्यांच्या पट्ट्या. मग कापडाचं वजन, त्याचं नाव जीएसएम, त्यावर आमचे तीन दिवस छान गेले. रोज चारला मी प्रश्न टाकायचा, तिने आधी जेवण विचारायचं, मग उत्तर द्यायचं, मग तिच्या मुलीची परीक्षा, माझा गुडघा, सुरतेचा उकाडा. असे सहा आठवडे गेले आणि एक दिवस स्वेटराचे अवयव संपले. मी आपलं विचारलं, ‘आतल्या बाजूला जी चिठ्ठी असते ती कशाने शिवता?’ तिने लिहिलं, ‘काका, तुम्हाला घ्यायचंच नाहीये ना?’

ताई, मी चारदा लिहिलं आणि चारदा पुसलं. मग लिहिलं, ‘घ्यायचं आहे. पण एकदा घेतलं की तुझ्याशी काम संपलं.’

फोन पालथा ठेवून मी अंगण झाडायला घेतलं. मला वाटलं, गेली ही. धंद्याच्या माणसाचे सहा आठवडे मी फुकट खाल्ले, काय तोंडाने बोलायचं? मग तिचा मजकूर आला. ‘माझे पप्पा पण असंच करायचे. गिऱ्हाईक न होता रोज दुकानदारांकडे बसायचे. काका, घेतलं तरी चारला मेसेज करत जा, तेव्हा मशीन बंद असतं.’ आणि खाली आणखी एक ओळ. ‘आणि नातवाला नक्कल देऊ नका. मीच विकते म्हणून सांगते. कॉलेजची पोरं ओळखतात, मग हसतात. कापड तेच, शिवण तीच, बिननावाचा देते.’ आपलाच माल घेऊ नका म्हणणारी दुकानदारीण मी आजवर बघितलेली नाही. मी तिच्याकडूनच घेतला. गर्द निळा, बिननावाचा. तिने तो परस्पर वाशीला पाठवला.

वाढदिवसाला ओमकारचा फोन आला. ‘आजोबा, मस्त आहे. पण यावर नाव का नाही?’ मी म्हटलं, ‘कोणाचं कशाला हवं, तुझं घाल.’ तो हसला. चांगला मोठ्याने हसला. मग म्हणाला, ‘ठेवू का? क्लासला निघालोय.’ मी म्हटलं, ‘ठेव बाबा, जा.’ फोनवर दिसतं किती वेळ बोलणं झालं ते. चाळीस सेकंद. पोराचं काही चुकलं नाही, क्लास होता. मी आपला फोन हातात घेऊन पडवीत बसलो.

राहता राहिला चौथा दुकानदार, ‘पॅरिस डायरेक्ट’. त्याने पैसे घेतले आणि पान बंद करून पसार झाला. त्याच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. हे मी हर्षदला सांगितलं मात्र, तो असा भडकला! ‘बाबा, तुम्हाला किती वेळा सांगितलं, अनोळखी माणसांशी बोलत जाऊ नका म्हणून!’ मागून नेत्रा म्हणत होती, ‘पोलिसांत द्या, आधी पोलिसांत द्या.’ शेवटी हर्षद म्हणाला, ‘आता कशालाही हात लावू नका. मी रविवारी स्वतः येतो.’ काल दिवसभर मी घर झाडून काढलं. मृणालीला सुरमई सांगून ठेवली आहे, चांगली मोठी, मधल्या तुकड्या येतील अशी.

तर असं सगळं आहे. बाकी गावात सगळ्यांना माझी आठवण सांग आणि पाला बांधत राहा.

तुझा,
भिकाजी

ता. क. तुझ्यापाशी काय लपवायचं? ‘पॅरिस डायरेक्ट’ नावाचा कोणी दुकानदार नाही. मला त्याने फसवलेलं नाही, कारण तो नाहीच. ओमकारचा फोन ठेवल्यानंतर संध्याकाळी हर्षदशी बोलताना ‘बाकी काय’ असं तो म्हणाला, आणि बाकी काही नव्हतं, म्हणून तोंडातून निघून गेलं. त्याचा तुला फोन आला तर एवढंच कर, ओरडून सांग की भिकाजी फार हबकलाय आणि त्याचं अन्नावरून मन उडालंय. रविवारपर्यंतच निभावून ने. हेच कळवायचं होतं, वरचं सगळं त्याच्या निमित्ताने.

ता. क. दुसरा, शुक्रवारी. हर्षदला काही सांगू नकोस. आत्ताच त्याचा फोन येऊन गेला. त्याने ऑफिसातूनच बँकेशी बोलून माझं कार्ड बंद केलं, फोनवरून पैसे जायची सोयही काढून टाकली. ‘बाबा, सगळं इथूनच झालं. यायची गरजच पडली नाही. मिटली ना काळजी?’ मी म्हटलं, मिटली. माझं खोटं पकडलं गेलं नाही, याचंच मला वाईट वाटलं गो. तो आला असता, समोर बसून चार शब्द बोलला असता, तर मी सुरमई वाढता वाढता खरं सांगणार होतो. मृणालीला सुरमई नको म्हणून सांगून आलो. ‘का हो काका?’ म्हणाली. मी म्हटलं, रजा मिळाली नाही त्याला.

ता. क. तिसरा, शनिवारी पहाटे. काल चारला हेतलबेनला हे सगळं लिहिलं, खोट्या दुकानदारासकट. ती आधी रागावली. मग म्हणाली, ‘काका, सख्खी बहीण असताना तुम्ही दुकानदारांशी काय बोलत बसता?’ मला आधी सुचायला हवं होतं, पण इंजिनवाल्याचं डोकं, उशिरा तापतं. पिशवी भरली आहे, मृणालीकडे चावी दिली आहे. सकाळच्या मंडणगडच्या एसटीने निघतो. आठ दिवस राहीन, तू पंधरा म्हणालीस तर पंधरा. तुला नको म्हणायला सवड मिळू नये म्हणून हे पत्र पोस्टात टाकत नाही, खिशातून आणतो आहे. मी ओटीवर बसेन, तू चष्मा लावून हे वाच. वाचून झालं की मला काही विचारू नकोस. चहा टाक.