तळ्याकाठचा मोह

२९ मार्च, संध्याकाळ. हैदराबाद.

बाबा ऐकतच नाई, मग मी बोलून तरी काऊन राह्यलो? आजही फोनवर तेच. मोहफुलं पहाटे पडतात, जनावरं खाऊन जातात, म्हणून दरवर्षी तो तळ्याकाठी आपल्या झाडाखाली एकटाच झोपतो. पण यंदा तळं आटलं, पाणी पार दूर गेलं. आता जनावरांची पाण्याची वाट त्याच झाडाखालून जाते. परवा चिखलात वाघाच्या पंजाचे ठसे दिसले, आईनंच सांगितलं.

मी म्हटलं, "मोहाचे जेवढे पैसे येतात तेवढे मी पाठवतो. तू घरी झोप."

तो हासला. "तुह्या पैशानं फुलं वेचली जाते का रे? माह्या बापानं राखलेलं झाड हाय. जाळ करतो ना मी."

जाळ एकाच बाजूले असतो. पाठ अंधारातच राहते. लहानपणी मी तिथंच झोपायचो, मले माहीत आहे.

मग फोन घेऊन आई हळूच म्हणाली, "पैसे धाडले तरी जाईनच तो."

आता निघालाही असन. पाठ अंधारात.

त्याले घरी बसवायले तीन हजार बाजूले ठेवले होते. ते राहू दे. उद्या उजेडाची मोठी बॅटरी घे अन् पाठीमागच्या फांदीले लटकव, असं आईकडून सांगतो. सकाळी बॅटरीचे पाठवतो, आठशे रुपये.