तिसऱ्या खांबाचे ठोके

३ फेब्रुवारी
एवढ्या मोठ्या पुलाची इंजिनिअर झाली नात, आणि घरात एक धारेची सुरी नाही! टोमॅटो चिरायला घेतला तर चेंगरला. असो. आले एकदाची. जागा झकास आहे. खाडीच्या तोंडाशी पत्र्याचं घर, पुलाच्याच उरलेल्या लोखंडी नळांवर उभं केलेलं. एक नळ तर थेट स्वयंपाकघरातून वर गेलाय, त्याला मी फडकं वाळत घालते. खिडकीतून पुलाचे खांब दिसतात. दोन झालेत, तिसरा व्हायचाय. दिसेल ते लिही आज्जी, म्हणून नातीने ही वही दिली. माझी शाळा चौथीपर्यंत. चुका पोटात घालाव्या.

९ फेब्रुवारी
पाणबुड्या चहाला आला. पाण्यात उतरून खांबांचे पाय तपासतो, म्हणून सगळे त्याला हेच म्हणतात. काम झालं की तो खालून हातोडीने खांबावर तीन ठोके मारतो. वरच्याने तीन ठोक्यांनी ओ द्यायची. ओ मिळाल्याशिवाय वर यायचं नाही, डोक्यावर क्रेनला काही लटकत असलं तर? मी म्हटलं, बायकोच्या हाकेला तरी एवढा थांबतोस का रे? लाजला मेला. जाताना स्वयंपाकघरातल्या नळावर तीनदा टकटक केली. मी पळीने ओ दिली. आता हा रोजचाच खेळ होणार.

१४ फेब्रुवारी
नात तीन दिवस एका आकड्यावर अडलीय. खांबावर जेवढा भार येणार, त्याच्या किती पट ताकद त्याच्या पायात ठेवायची, तो आकडा. ती म्हणते अडीच, कारण भरती-ओहोटी पायाखालची वाळू उकरते, खारं पाणी लोखंड खातं. तिचा वरचा साहेब म्हणतो दोन पुरे, काम लवकर उरकेल. तिने मला विचारलं. मी म्हटलं, दहा माणसं जेवायची तर पंचवीसांचं रांधतेस का? भित्री कुठली! तुझ्या आईचंही हेच, पाऊल टाकायला सात वेळा विचार. तिचे कान लाल झाले. तिने दोन लिहिलं आणि सही केली.
मला बरं वाटलं.

२ मे
तिसरा खांब उभा राहिला. पाणबुड्या म्हणाला, पायाशी वाळू कमी वाटते, उद्या परत बघतो. नातीने मान खाली घातली. मी चहात साखर घालायला विसरले.

३ मे
दुपारी खांब कलला. वरचे सगळे पळाले. पळणारच. पाणबुड्या खाली होता. नात किनाऱ्यावरून ऐकत होती, कलल्यावरही ठोके येत होते म्हणे. तीन. मग पुन्हा तीन. ओ द्यायला खांबावर कोणी नव्हतं.

५ मे
सापडला नाही. साहेबाने सगळ्यांना नातीची सही दाखवली. माझी जीभ कोणी दाखवली नाही. पाणबुड्याची बायको दारात येऊन उभी राहिली, पाणीही घेतलं नाही. मी आत भांडी घासत राहिले. घासलेलीच.

६ मे
भर दुपारी, ओहोटीला. नळावर तीन ठोके. पत्रा तापला असेल.

७ मे
पुन्हा. ओहोटीलाच. नळावरचं फडकं वाळत नाही. जिभेला लावून पाहिलं — खारट.

८ मे
नातीलाही ऐकू येतात. आज तिने नळाकडे हात नेला. मी मनगट धरलं. मेलेल्याच्या हाकेला जो ओ देतो, त्याला तो सोबत नेतो. म्हणाली, तो वाट बघतोय आज्जी, सही माझी आहे. हात बर्फासारखा —

९ मे
ओहोटी लागली. नळाच्या बुडाशी वाळू खचतेय, मला दिसतंय. घर हललं. तीन. थांबतो. तीन —
पोरी, आकडा तू लिहिलास, पण हात मी ढकलला. तू बाहेर जा. नळाला हात लावायचा नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. पळी माझ्याकडे आहे. ओ मीच द्यायची, तू —