तुझं तुला दिसतंच ना

४ मार्च, सोमवार

नोकरी लागली! आणि तीही फिरत्या खुर्चीवरची. शाळेतल्या डुगडुगणाऱ्या लाकडी खुर्चीनंतर हे म्हणजे सिंहासनच. तिसरा मजला, काचेच्या भिंती, गरम आणि गार दोन्ही पाणी देणारं यंत्र. सगळं जग ज्या अ‍ॅपवर दिवसभर बोलतं, भांडतं, फोटो टाकतं, त्या कंपनीचं हे ऑफिस.

साहेब म्हणाले, तुमचं लिखाण वाचलंय, अशी माणसं आम्हाला हवीतच. मी फुगले, का नाही फुगणार? शाळेची भिंत पडून एका मुलाचा पाय गेला आणि ते प्रकरण दाबलं, हे मी अ‍ॅपवर नावानिशी लिहिलं होतं. मुख्याध्यापक माझे सख्खे भाऊजी. माझी नोकरी गेली, भाऊजींनी घराचं दार बंद केलं, आणि ताई नवऱ्याच्या बाजूने उभी राहिली. पण लिहिलेल्याखाली लोकांनी काय काय लिहिलं! बाई, तुम्ही बोललात, आम्हाला धीर आला. त्या ओळींवरच मी तगले. पुढे ताईही विरघळली. भेटायला अजून बोलावत नाही, पण अ‍ॅपवर निरोप रोज येतो. आजची बातमी कळवली तर लगेच उत्तर, पेढे कधी म्हणून.

६ मार्च, बुधवार

आमच्या विभागाला ‘सोबत’ म्हणतात. कंपनी काही लोकांचं बोलणं बंद करते, पण त्यांना तसं सांगत नाही. त्यांचं लिहिलेलं त्यांना दिसतं, बाकी कुणालाच दिसत नाही. सांगितलं की लोक बोंबा मारतात, वकील गाठतात. न सांगावं, तर उत्तरं का येत नाहीत म्हणून संशय. म्हणून उत्तरं आम्ही द्यायची, त्यांच्या मित्रांच्या, भावाबहिणींच्या नावाने. फोन लावला तर आवाज यंत्र काढतं, शब्द आमचे.

शेजारच्या टेबलावरच्या काकू, मोठ्या मायाळू, विणकाम करता करता शिकवतात. आधी समोरच्याचाच शब्द उचलायचा, मग जराशी थट्टा, शेवटी एक छोटा प्रश्न. प्रश्न विचारला की माणूस आपल्यापाशीच बसून राहतो. ही फसवणूक नाही का, असं मी विचारलंच. काकू म्हणाल्या, अगं, सगळे शिवराळ, पोरींना धमक्या देणारे, त्यांच्यासाठी कशाला जीव जाळतेस? पटलं. किंवा मी पटवून घेतलं.

११ मार्च, सोमवार

माझ्याकडे एक निवृत्त नर्सबाई आहेत. मी त्यांचा परगावचा मुलगा. खऱ्या मुलाला आईच्या नावाने दुसऱ्या टेबलावरून उत्तरं जातात, म्हणजे मायलेक दोघंही खूश.

बाई शिवराळ अजिबात नाहीत. दवाखान्यात मुदत संपलेली औषधं देतात, एवढंच पुन्हा पुन्हा लिहितात. मी लिहिलं, आई, तू दवाखाना हलवून सोडणार, पण स्वतःच्या गोळ्या घेतेस ना? त्यावर त्यांनी एवढं मोठं लिहिलं. किती आनंद झाला होता त्यांना. काकूंनी पाठ थोपटली, हात चांगला आहे म्हणाल्या. घरी आल्यावर जेवण गेलं नाही.

१४ मार्च, गुरुवार

काकूंना माझ्या गुडघ्यावरच्या व्रणाचं भारी कौतुक. सायकल शिकताना मी गटारात पडले होते आणि ताईनेच मला नाक मुरडत बाहेर ओढलं होतं. आता डबा उघडून बसल्यावर गटार कुठे सांगायचं? दिलं ठोकून, ताईने झोपाळ्यावरून ढकललं म्हणून. बिचारी ताई, फुकट बदनाम झाली. काकू हसून हसून लाल झाल्या.

१८ मार्च, सोमवार

ताईचा निरोप आला.

व्रणाचं काय म्हणतेस, अजून आहे का गं तो? झोपाळ्यावरून ढकललं त्याची शिक्षा भोगतेय बघ, रोज तुझी बडबड ऐकून. जेवलीस का?

आमच्या घरात झोपाळा कधी नव्हताच.

मागचे निरोप काढून वाचले. माझाच शब्द, थट्टा, प्रश्न. माझाच शब्द, थट्टा, प्रश्न. माझी ताई असं बोलत नाही. ती खेकसते. तापात कपाळावर घड्या ठेवतानाही खेकसायची. हे मला आधी कसं कळलं नाही? कारण गोड लागत होतं. दुसरं काय!

१९ मार्च, मंगळवार

काकू पाणी आणायला गेल्या तेव्हा त्यांच्या संगणकाच्या पडद्याकडे वळले. माझं नाव. माझा फोटो. भिंतीबद्दल मी लिहिलेलं, आणि त्याखालचे सगळे लोक, धीर आला म्हणणारे, सगळे काकूंनी लिहिलेले. घरचे आणि कंपनी सोडली तर माझं लिहिलेलं एकाही माणसाने वाचलेलं नाही. तो मुलगा कुबड्यांवर शाळेत जातो आणि कुणाला काही माहीत नाही.

वर एक ओळ होती. तक्रार करणारी व्यक्ती: बहीण.

काकू मागे उभ्या होत्या. चिडल्या नाहीत. माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, तू रात्र रात्र लिहायचीस ना, मला किती काळजी वाटायची. हे सांगताना त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्याचीच जास्त भीती वाटली.

२० मार्च

रस्त्यावर थांबून शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावला. तिचंच हसू, तिचाच खोकला. सगळं सांगितलं, उद्या ताईकडे जाणार तेही. म्हणाली, सगळं खोटं असतं तर मी कोण गं? चहा झाला का?

फोन नाल्यात टाकला.

उद्या ताईकडे. तिने केलं असेल तर तोंडावर सांगू दे. दोन थोबाडीत मारू दे. तिच्या तोंडचा एक खरा शब्द हवाय, बस.

२१ मार्च, दुपार

ताईच्या घरी. आतल्या खोलीत.

दार तिनेच उघडलं. दचकली. म्हणाली, आज येणार नाही असं सकाळीच कळवलंस ना? तिलाही येतात. माझ्या नावाने, रोज. त्यांतली मी माफी मागते. भाऊजींचं बरोबर होतं म्हणते.

तक्रार केलीस का, विचारलं. हो म्हणाली, सरळ. ह्यांची नोकरी गेली असती. “आणि तुझं काय बिघडलं त्यात? तुझं तुला दिसतंच ना.”

मी रडले. शिव्या घाल म्हटलं, हाकलून दे, पण तुझ्या मनाने बोल. काहीतरी ओठावर आलं होतं तिच्या, मी पाहिलं — तेवढ्यात मांडीवरचा फोन उजळला. वाचला. मग चेहरा बदलला. चहा टाकते म्हणाली.

तीच दुपार

स्वयंपाकघरात बोलतेय. तिथे कुणी नाही. भाऊजी शाळेत —

“रडू नकोस गं वेडाबाई.”

थांबली. परत तेच. दुसऱ्यांदा ‘वेडाबाई’वर हसली. तिसऱ्यांदा हसू बरं जमलं.

ती पाठ करतेय.

मला वेडाबाई कधीच — ती मला घोडी म्हणते. घोडे, म्हणते —

कपबशी वाजली. येतेय. दाराबाहेर उभी आहे, आत येत नाही — फोन बघत असेल — ताई, बघू नकोस त्यात, मी समोर आहे, निदान हाक तरी तुझ्या मनाने —