रोमची साथ

३ फेब्रुवारी
रोजनिशी, माफ कर. अकरा आठवडे एक ओळ नाही. कारण रोमन साम्राज्य. (खरं कारण आळस. पण साम्राज्यही होतंच.) वाचनालयाच्या अभ्यास मंडळात वीस तारखेला वादविवाद आहे: रोमचा ऱ्हास साथीच्या रोगाने झाला का? 'झाला' म्हणणारा मी. सहा वर्षं या मंडळात मी फक्त आभार मानतो आहे. या वेळी जिंकायचंच.

८ फेब्रुवारी
वही पूर्ण. पुढून पुरावे, मागून माझ्याच मताविरुद्धचे आक्षेप. प्रामाणिक माणसाने दोन्ही लिहावेत. पुढची पानं नऊ, मागची एकवीस. मागे अक्षर मोठं पडलं असावं.

१२ फेब्रुवारी
वही कोपऱ्यावरच्या औषधवाल्याला वाचायला दिली. कॉलेजपासूनचा मित्र. म्हटलं, कसून विरोध कर, दयामाया नको. म्हणाला, निर्धास्त राहा, मी आहे तुझ्या साथीला. निर्धास्त झालो.

१७ फेब्रुवारी, सकाळ
सगळीकडे तापाची साथ. मला मत देणारे सहाही जण अंथरुणात. बायको म्हणाली, साम्राज्य पडून पंधराशे वर्षं झाली, आणखी आठवडाभर थांबेल की. पण तयारी शिळी होते. पुढे ढकलणार नाही.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ
विश्वासघात. विरुद्ध बाजूने औषधवाला उभा राहिला. हातात माझी वही, उलटी धरलेली. बावीस मिनिटं माझीच मागची पानं वाचली: पहिल्या मोठ्या साथीनंतरही पश्चिमेत साम्राज्य तीनशे वर्षं टिकलं, मेले किती, कोणालाच नक्की ठाऊक नाही. इतकं मुद्देसूद, की एकदा मीही टाळी वाजवली.
मतं नऊ विरुद्ध दोन. दोघांतला एक मी. दुसरा वाचनालयाचा शिपाई. त्याने पंखा बंद करू का विचारायला हात वर केला होता. बायकोचा हात पर्समध्ये होता.
बाहेर आल्यावर औषधवाल्याला विचारलं, साथ देणार होतास ना? म्हणाला, दिली की. कसून विरोध कर, कोण म्हणालं होतं? म्हटलं, अरे, पण विरोध घरी, चहा पिताना. त्याला सांगून टाकलं, यापुढे तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही.

२१ फेब्रुवारी
नीट विचार केला. माझी सहा मतं तापाने गेली. म्हणजे साथ निकाल फिरवते. म्हणजे माझंच बरोबर. (सहा धरूनही आठच होतात. बेरीज दोनदा केली.)
हे बायकोला सांगितलं. तिने कपाळाला हात लावला. स्वतःच्या नाही, माझ्या. अंग तापलंय म्हणाली. घरात गोळी नाही. या भागात दुकान एकच. आणि शपथ तिने घेतलेली नसली, तरी ती जाणार नाही म्हणते.
उद्या: पायरी चढणे.