भाकरीच्या वेळी इंटरनेट नाही

३ ऑक्टोबर २०२५, शुक्रवार. सकाळी ७ वा. २० मि.

कुंभार पिंपळगाव स्टँड. पेन ड्राइव्ह प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर रबर, त्यावर चिठ्ठी, असा जालना गाडीच्या ड्रायव्हरकाकांच्या हातात देत होतो. आत घरच्या कॉम्प्युटरवर बसवलेल्या सहा लग्नपत्रिका. तेवढ्यात प्रेसच्या शेठचा फोन.

"गणेश, हे पेन ड्राइव्हचं आता बंद. मागचा ड्रायव्हरच्या खिशात धुवायला गेल्ता."

खरं आहे. स्वच्छ होऊन आला, पण आतलं सगळंच स्वच्छ झालं.

शेठनी नवी पद्धत आणली आहे. पत्रिका प्रेसच्या वेबपानावर उघडायची. गिऱ्हाईक तिकडे जालन्यात समोर बसणार, बोलेल तसं मी इथून तिथल्या तिथं दुरुस्त करायचं. मोबाइलवर ते पान उघडत नाही. कॉम्प्युटरला नेट पाहिजे. "तुळशीच्या लग्नाआधी कर. न्हाई तर मंग मी जालन्यातलाच एखादा पोरगा बघतो."

"करतो" म्हणालो. कसं, ते माहीत नाही.

काम गेलं तर परतूरला मामाच्या खताच्या दुकानात. मागच्या वर्षी चार महिने होतो. दिवसभर पोती मोजायची. झोपेतही मोजायचो, आणि झोपेतही चुकायचो. आई म्हणते, मामा आहे, परका नाही. परका असता तर सोडून तरी येता आलं असतं.

४ ऑक्टो., शनि.

मोबाइलला घरात बोलण्यापुरती रेंज आहे, नेटची नाही. पाण्याच्या टाकीवर चढलं की नेटच्या दोन काड्या. कॉम्प्युटर टाकीवर नेता येत नाही.

शेजारी कांबळे गुरुजींकडे वायफाय आहे. पुण्याच्या मुलानं बसवून दिलंय, नातू बघायला. मधे फक्त पेरूचं झाड आणि आमची भिंत. चौथीला ते मला होते, त्यामुळे अजून दारात उभा राहूनच बोलतो. तीन वेळा परत फिरलो, चौथ्यांदा त्यांनीच हाक मारली.

"काय लेका, येरझाऱ्या घालून राह्यलास? पोट बिघडलं का?"

सांगितलं. म्हणाले, "घे ना. पण अर्धं बिल द्यायचं. फुकटाची किंमत राहत न्हाई." अर्धं म्हणजे २३५.

जवळ ६०० आहेत, दिवाळीच्या शर्टाचे. शर्ट मागचाच चांगला आहे. कॉलर सोडून.

६ ऑक्टो., सोम.

अज्जूभाईचं मोबाइल दुकान. कॉम्प्युटरच्या आत बसवायचं वायफाय कार्ड ९००. बाहेरून खोचायचं डोंगल ३५०. नखाएवढं आहे. एवढ्याशात इंटरनेट मावेल का, असं दोनदा विचारलं.

"ले जा रे भाई, लगाव और चलाव. बिलकुल टेन्शन नही."

लावलं. चाललं नाही. सोबत छोटी सीडी आहे, त्यात ते चालवायचा प्रोग्राम. आमचा सीडीचा कप्पा उघडत नाही, चार वर्षांपूर्वी अंबडच्या बंद पडलेल्या कॅफेतून कॉम्प्युटर सेकंडहँड आणला तेव्हापासून. खोक्यावर लिहिलंय, प्रोग्राम इंटरनेटवरूनही मिळेल. इंटरनेट आलं की इंटरनेट कसं आणायचं ते कळेल.

७ ऑक्टो., मंगळ.

अज्जूभाईनं प्रोग्राम पेन ड्राइव्हमध्ये भरून दिला. २० रु. मी तोंडानं कुरकुरलो नाही. चेहऱ्यावर दिसलं असावं. चहा पाजला.

८ ऑक्टो., बुध.

प्रोग्राम बसला. डोंगल मेलेलंच. दिवा लागत नाही. ३५० गेले, असं धरून चाललो.

कॉम्प्युटरला पुढे दोन खाचा आहेत. उजवीत पेन ड्राइव्ह, हा माझा नियम. डावी कधी वापरली नव्हती, म्हणून डोंगल डावीत. बॅटरी मारून आत पाहिलं. लाल. सुईनं टोकरलं तर कुंकू. त्यामागं तांदळाचा दाणा. त्यामागं आणखी एक.

"आई, हे काय?"

"दसऱ्याची पूजा. दरसाली करते की."

"आत?"

"मंग तोंडाला नको लावू? त्याच्यातूनच खातंय ना ते सगळं? उजवी तुझी, म्हणून देवाची डावी."

चार दसरे झाले. म्हणजे चार थर. जुन्या ब्रशनं आणि चिमट्यानं तासभर काढत बसलो. आईनं दाणे फेकू दिले नाहीत, तुळशीत नेऊन टाकले. डोंगल खोचलं, निळा दिवा लागला. आईनं हात जोडले. मीपण जोडले, पण ती आत गेल्यावर.

९ ऑक्टो., गुरु.

गुरुजींचं वायफाय दिसतं. एक काडी. दार लावलं की जाते. मधे आमचं लोखंडी कपाट, त्यामागं पत्रा. तीन मीटरची वायर आणली, १२०. डोंगल खिडकीत टांगलं. दीड काडी.

अज्जूभाईला फोन. "पीछे थाली खडी कर, थाली. चमचमाती."

चेष्टा वाटली. तरी ताट धरून पाहिलं. दोन काड्या! आईची मोठी स्टीलची परात धरली. चार. परात सुतळीनं खिडकीच्या गजाला बांधली, तोंड गुरुजींकडे. गुरुजी पेरूखाली पेपर वाचत होते. परातीतलं ऊन थेट त्यांच्या चष्म्यावर.

"हे काय रे? माझ्यावर नजर ठेवून राह्यलास का?"

परात थोडी तिरपी केली. साडेतीन काड्या. चालेल.

१० ऑक्टो., शुक्र.

नेट आलं, पान उघडेना. "हे ठिकाण सुरक्षित नाही." सगळीच ठिकाणं असुरक्षित. हवामानसुद्धा.

दुपारी उशिरा लक्ष गेलं, कोपऱ्यातलं घड्याळ. १ जानेवारी २००९. आतला बटनासारखा सेल संपलाय. लाइट गेली की कॉम्प्युटर २००९ मध्ये जातो. २००९ साली या पानांची सुरक्षेची प्रमाणपत्रं निघालीच नव्हती, मग तो कशाला विश्वास ठेवतो. त्याची बाजू पटली.

सेल घड्याळवाल्याकडे, ३० रु. पण चार वर्षं मी फाइलींवरची तारीख पाहिलीच नव्हती. माझ्या सगळ्या पत्रिका मी तिसरीत असताना केलेल्या दिसतात.

१२ ऑक्टो., रवि.

प्रेसचं पान उघडलं. वर पिवळी पट्टी, ब्राउझर जुना आहे म्हणते. असू दे. सगळंच जुनं आहे, मी सोडून.

संध्याकाळी एकदम बंद. वायर पाहिली, डोंगल पाहिलं, परत चालू केलं. मग खिडकी पाहिली. परात नाही. आई चुलीपुढे, परातीत पीठ.

"आई!"

"काय आई? तुझे बाबा सातला कापसाच्या जिनिंगवरून येतात, जेवून पुन्हा रातपाळीला जातात. भाकरी का इंटरनेट, एक काय ते ठरव."

"ताटात मळ ना."

"ताटात तू मळून दाखव. पाच माणसांचं पीठ हाये."

आम्ही तिघंच आहोत. बाबा तिघांचं खातात, ते बरोबर.

१४ ऑक्टो., मंगळ.

दुपारी एक ते चार नेट नाही. परात जागेवर होती. भीत भीत गुरुजींकडे गेलो. चारला उठले.

"बंद करतो ना मी. मशीन गरम होतंय. मी निजलो की तेपण निजतं. आराम नको त्याला?"

रात्रंदिवस चालू ठेवायचंच असतं, हे सांगायला तोंड उघडलं आणि "हो गुरुजी" बाहेर आलं.

म्हणजे सकाळी लाइटचा भरवसा नाही. दुपारी गुरुजींची झोप. सहा ते साडेसात भाकरी. उरलेल्या वेळात इंटरनेट उत्तम.

१६ ऑक्टो., गुरु.

शेठ: "बुधवारी, एकोणतीसला, ट्रायल घेऊ. गिऱ्हाईक सांजच्याला साडेसहाला येतंय. तेच्या समोरच बसवायचं."

"सकाळी नाही का चालणार?"

"गिऱ्हाईक नोकरीवालं हाये. का? तुला काय अडचण?"

"नाही, काही नाही."

२३ ऑक्टो., गुरु. भाऊबीज.

मामा आला. ओवाळून झालं, नजर खिडकीकडे.

"ताई, परातीला अशी फाशी का दिली?"

आई: "त्यो इंटरनेट धरून राह्यलाय."

मामा: "पोती धरायला काय झालंतं? जागा ठेवलीये बरं गण्या तुझी. पुढल्या आठवड्याचा सोमवार-मंगळवार बघतो, मंग दुसरा माणूस लावतो." मग थांबून, "भाचा म्हणून ठेवली."

आईनं मामाच्या ताटात आणखी एक करंजी टाकली. नेहमी इथं "परका नाही" म्हणते.

२९ ऑक्टो., बुध. रात्री ९.

आधी हे लिहितो, मग जेवतो.

पाच वाजता आई पिठाचा डबा घेऊन निघाली. "कांबळेकाकूंच्या परातीत थापते तिथंच. बस तू." मी अजून तिला काही विचारलंही नव्हतं.

साडेसहा. फोन स्पीकरवर, पान उघडं. गिऱ्हाईक म्हणजे नवरीचे वडील. नावांचा क्रम बदला, आत्याला वर घ्या, "सौ." राहिलं, मग आत्याला परत खाली. मी करत होतो, ते तिकडे बघत होते. शेठ "हां, हां" करत होते. मधेच वारा सुटला. सुतळी तुटली. परात फरशीवर.

शेठ: "काय पडलं रे?"

मला खोटं पटकन सुचत नाही. "परात."

"परातीचा काय संबंध?"

सांगितलं सगळं. तिकडे नवरीचे वडील एवढे हसले की खोकला लागला. "त्याला म्हणावं उचल परात, अजून धाकल्या काकाचं नाव राह्यलंय!"

बाबा नुकतेच दारात आले होते, भुकेले, अंगाला कापूस. पडलेली परात उचलली आणि खिडकीशी धरून उभे राहिले. अधूनमधून, "झालं का?" धाकटे काका बसले. "झालं का?" वाढप्यांची नावं. एवढी नावं मी पत्रिकेवर कधी बसवली नव्हती. झालं.

गिऱ्हाईक गेल्यावर शेठ: "काम बराबर हाये. चूक एक न्हाई. पण गणेश, लग्नसराईत हे रोज सांजच्याला. रोज परात धरणार का? विचार करतो. सोमवारी सांगतो."

बाबा काकूंच्या अंगणात उभ्यानंच दोन भाकरी खाऊन रातपाळीला पळाले. उशीर झालाच. जाताना म्हणाले, "जड हाये रे परात."

३० ऑक्टो., गुरु.

मामाचा फोन आला. सोमवारी संध्याकाळपर्यंत थांब म्हणालो. तो "बघ बाबा" म्हणाला. आज चार वेळा नेट सुरू करून पाहिलं. चारही वेळा आलं.

खर्च: डोंगल ३५०, प्रोग्राम भरणे २०, वायर १२०, सेल ३०, सुतळी १०. एकूण ५३०.
शिल्लक: ७०.
देणे: गुरुजी, अर्धं बिल, २३५. आई, परात, काठाला पोचा आलाय, नवीनचा भाव विचारायचा आहे. बाबा, पाऊण तास.
येणे: शेठकडून सहा पत्रिकांचे, आणि सोमवारचा फोन.