आधी जेवून यावे, असा आदेश मिळणेबाबत

प्रति,
मा. श्रीमती अहिल्या आठल्ये,
अधीक्षक, अभिलेख कक्ष,
झाशी.

अर्जदार: स्वाती नीलकंठ पुराणिक, खंडेराव गेटजवळ, झाशी.

विषय: आपल्या कक्षातील दिवंगत कर्मचारी कै. नीलकंठ पुराणिक यांनी घरी दिलेली एक मंजुरी, त्यांच्या वरिष्ठ या नात्याने, आपल्या सहीने रद्द होणेबाबत.

संदर्भ: कै. पुराणिक यांच्या टिपणीवरील आपला शेरा, ‘पुराणिक यांनी आधी जेवून यावे.’

महोदया,

१. अर्जदार ही आपल्या कक्षात जुन्या कागदांच्या नकला देणारे वरिष्ठ लिपिक कै. नीलकंठ पुराणिक, घरचे ‘नाना’, यांची थोरली मुलगी असून इथल्या मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. आपल्या कक्षात अर्ज हिंदीत घेतात हे तिला माहीत आहे. तरी हा मराठीत आहे, कारण जी मंजुरी रद्द व्हायला हवी ती मराठीत आहे, आणि ती वाचू शकेल असा नानांचा वरिष्ठ अधिकारी झाशीत एकच आहे. नाना सांगत, ‘आमच्या ऑफिसात पाण्याच्या माठापाशी मराठी बोलणारी माणसं दोन. एक मी, एक मॅडम. आणि मॅडम पाणी फार कमी पितात.’

२. या घरची एक रीत आधी सांगणे भाग आहे. बाहेर हिंदी, गल्लीत बुंदेली; मुलींची मराठी निदान लिहिण्यापुरती टिकावी म्हणून नाना घरात अर्ज घेत. सहलीला जायचे, केस कापायचे, मांजर पाळायचे, सगळ्याला अर्ज. प्रति, विषय, महोदय. संध्याकाळी चष्मा लावून ते वाचत, चुका लाल शाईने दुरुस्त करीत आणि कोपऱ्यात शेरा मारीत. मांजराच्या अर्जावर ‘नामंजूर. दूध कोण आणणार ते कळवावे’ असा शेरा होता. धाकट्या देविकेने अपील केले आणि मांजर आले. पण मंजूर म्हणजे मंजूर. सही झालेली गोष्ट नाना स्वतःही मागे घेत नसत. ‘बदलायचं तर वरची सही आणा,’ असे हसत म्हणत. घरात त्यांच्या वर कोणी नव्हते. देविका लहान असतानाच आई गेली होती.

३. गेल्या मार्गशीर्षात नाना रुग्णालयात असताना देविकेने त्यांना एक अर्ज दिला. तिचे वय एकोणीस. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची ही तिची दुसरी खेप. मजकूर असा: ‘आपण बरे होऊन घरी येईपर्यंत मी दिवसातून एकदाच जेवीन, जमिनीवर चार तास झोपेन आणि बाकी सर्व वेळ अभ्यास करीन. मंजुरी मिळावी.’ दुसऱ्या घरात पोर देवापुढे नवस बोलली असती. या घरात तिने अर्ज केला. नानांचा चष्मा नर्सने काढून ठेवलेला होता. कागद धाकटीचा आहे, एवढे त्यांनी अक्षराच्या वळणावरून ओळखले असावे. त्यांनी ‘मंजूर’ लिहिले, सही केली आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. मुदत पाहिल्याशिवाय जन्मात कधी सही न केलेल्या माणसाने हा एक कागद न वाचता मंजूर केला. त्यानंतर नाना घरी आले नाहीत. मंजुरीची मुदत मात्र ‘घरी येईपर्यंत’ अशी आहे. म्हणजे ती संपतच नाही. देविका ती आजतागायत पाळते आहे, आणि परीक्षा येत्या रविवारी आहे.

४. दसऱ्याच्या सुमारास सराव परीक्षांत देविका वर्गात पहिल्या काही मुलींत असे. आता ती सगळ्यांत जास्त वेळ पुस्तकापुढे बसते आणि तिचा नंबर दर खेपेला खाली घसरतो. अर्जदाराने या विषयावर जे हाती लागले ते वाचून काढले आहे. दिवसा शिकलेले झोपेत पक्के होते. झोप कापली तर पान डोळ्यांखालून जाते, डोक्यात राहत नाही. पोटात सकाळपासून काही नसले, अंगात रक्त कमी असले, की लक्ष एका ओळीवर ठरत नाही. वाचून अर्जदाराला धीर येईल असे वाटले होते. उलट धास्ती बसली, कारण पुस्तकात लिहिलेले एकेक लक्षण समोरच्या खोलीत मान खाली घालून बसलेले दिसत होते. देविका प्रश्न मोठ्याने वाचते आणि शेवटच्या शब्दाशी येऊन विचारते, ‘जिज्जी, काय विचारलंय यात?’ होळीनंतरच्या सराव परीक्षेत तिने एक प्रश्न सोडला, पण उत्तरपत्रिकेवरचा त्याचा गोल सोडायचा राहिला. तिथून पुढची सगळी उत्तरे एकेक घर सरकली. शिकवणीचे सर हळहळून म्हणाले, ‘बिटिया, तुम्हें आता तो सब था. बस एक घर ऊपर भर आईं.’ यावर दुसऱ्या कोणी मुलीने त्या दिवशी लवकर झोपायचे ठरवले असते. देविका म्हणाली, ‘म्हणजे अभ्यास कमी पडला,’ आणि तिने चार तासांचे तीन केले.

५. अर्जदाराने आपल्या परीने उपाय केले नाहीत असे नाही. चहात साय वाढवली. देविकेने पहिल्याच घोटाला कप खाली ठेवला: ‘जिज्जी, चहा आहे की बासुंदी?’ गादी घातली. ती सकाळी घडी करून परत कपाटात गेली. डॉक्टर इंदिरा सक्सेना यांच्याकडे नेले. त्यांनी डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, रक्ताचा अहवाल पाहिला आणि तिच्याशी न बोलता अर्जदाराशी बोलल्या: ‘ये लड़की पढ़ नहीं रही है, स्वाती जी. सिर्फ़ जाग रही है.’ लोहाच्या गोळ्या दिल्या, जेवणानंतर घ्यायच्या. जेवणच एकदा होते, म्हणून गोळीही एकदाच होते. मऊरानीपुरहून गोदूआत्या आली, तेव्हा ती समजावील अशी आशा होती. आत्याने देविकेला जवळ घेतले आणि डोळे पुसत म्हणाली, ‘आजकालच्या दिवसांत अशी लेक! बापासाठी झिजते आहे गं. तिला अडवू नकोस, स्वाती, तुला पाप लागेल.’ एवढे बोलून आत्याने पोरीसाठी आणलेला डब्यातला लाडू स्वतः खाल्ला, कारण पोर खात नाही. शेवटी अर्जदाराने घरच्या रीतीप्रमाणे देविकेलाच अर्ज लिहिला, की सदर नेम सोडावा. तो लाल शाईच्या शेऱ्यासह परत आला: ‘अर्जदार सक्षम अधिकारी नाही.’ त्यात एक ऱ्हस्वही दुरुस्त केलेला होता.

५. आता भीतीचे खरे कारण. नानांना साखरेचा आजार होता हे आपण जाणताच. ते सकाळी नुसत्या चहावर घर सोडत आणि काम हातावेगळे झाल्याशिवाय डबा उघडत नसत. शेवटच्या वर्षात वर्तमानपत्र वाचताना ते एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचत आणि मध्येच मान वर करून विचारत, ‘कुठे होतो मी?’ घरातल्या दोघी हसत. देविका म्हणे, ‘नाना, तुम्ही झाशीत आहात.’ वय झाले, एवढेच वाटायचे. डॉक्टरांनी नंतर सांगितले की ते वय नव्हते; उपाशीपोटी त्यांची साखर उतरत होती. गेल्या सोमवारी इलाइट चौराह्यावर दोघी रस्ता ओलांडायला उभ्या होत्या. वाहने थांबली, लोक निघाले, आणि देविका जागची हलेना. मागून ई-रिक्षावाला ओरडला, ‘काए दीदी, ठाड़े-ठाड़े सो गईं का?’ उभ्या उभ्या झोपल्यासारखीच ती दिसत होती. अर्जदाराने तिचा हात धरला. वैशाखाच्या उन्हात तो हात गार होता. देविकेने तिच्याकडे ओळख नसल्यासारखे पाहिले आणि विचारले, ‘कुठे होते मी?’

झाशीत आहेस, असे न म्हणता अर्जदाराने तिला हाताला धरून रस्ता ओलांडून नेले.

परीक्षा दुपारची आहे. केंद्र चिरगाँवकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहराबाहेर. दारात सावली नाही, आणि तपासणीची रांग उन्हात लागते. देविकेचे एकवेळचे जेवण संध्याकाळचे. म्हणजे आदल्या संध्याकाळनंतर पोटात अन्न नाही, अंगात झोप नाही, आणि पुढ्यात तीन तासांचा पेपर. ती नापास होईल, ही अर्जदाराची भीती नाही. ती भीती असती तर शाळामास्तरीण या नात्याने अर्जदाराने ती स्वतःच निभावली असती. भीती ही आहे की ती रांगेत उभी राहील आणि पाळी येईपर्यंत उभी राहणार नाही. या घरातून एक माणूस रिक्षात बसून गेले ते परत आले नाही. रविवारी दुसरे बाहेर पडेल, आणि दार लावून घ्यायला अर्जदार एकटी उरेल.

६. यास्तव आपल्याकडे येणे झाले. काही वर्षांपूर्वी नकाशांच्या तपासणीच्या दिवसांत नाना दुपारचे न जेवता टिपणी घेऊन आपल्यासमोर उभे राहिले होते. आपण टिपणी वाचली आणि समासात एवढेच लिहिले: ‘पुराणिक यांनी आधी जेवून यावे.’ आपण ते त्याच दिवशी विसरला असाल. या घरात तो प्रसंग पाहुणा आला की वाढला जात असे. ‘मॅडमनी माझ्या टिपणीवर उभ्या नोकरीत एकच हरकत काढली,’ नाना सांगत, ‘आणि तिला माझ्याकडे उत्तर नव्हतं. गेलो, मुकाट्याने डबा उघडला. भाजी भेंडीची होती.’ हे ऐकतच देविका वाढली. तिच्या लेखी नानांना मागे फिरवणारी सही जगात एकच आहे. परवा अर्जदाराने तिला सहज विचारल्यासारखे विचारले, की मॅडमनी लिहून दिले तर? तिने वही मिटली. मग म्हणाली, ‘त्या वरिष्ठ आहेत, हे खरं. पण त्या कशाला लिहितील?’

ती नाही म्हणाली नाही. मार्गशीर्षापासून पहिल्यांदाच ती नाही म्हणाली नाही. हा सगळा अर्ज त्या एका गोष्टीवर उभा आहे.

७. हा विषय आपल्या अखत्यारीत बसत नाही, याची अर्जदाराला पूर्ण जाणीव आहे. कर्मचारी हयात नाही, मंजुरी घरची आहे, आणि प्रश्न दोन पोळ्या आणि एका झोपेचा आहे. यासाठी नियम सापडणार नाही. आवक-जावकमध्ये याला नंबर पडणार नाही, आणि पडू नये अशीच विनंती आहे. समजुतीची चिठ्ठी, आशीर्वाद, फोन यांपैकी काही चालणार नाही. देविका फोनवर ‘जी मॅडम’ म्हणेल आणि उपाशी बसेल. सहीच हवी, आणि सहीखाली हुद्दा. नानांचा मान राहील अशा शब्दांत हे कसे लिहावे याचा अर्जदाराने पुष्कळ विचार केला. त्यांची मंजुरी चूक होती असे कृपया लिहू नये. नाना घरी येणार नाहीत, हेही लिहू नये. ते तिला ठाऊक आहे, फक्त तिच्यापुढच्या कुठल्या कागदावर आलेले नाही, आणि तो कागद परीक्षेनंतर येऊ दे. मजकुराचा नमुना सोबत जोडला आहे. आदेश शनिवारी दुपारपर्यंत मिळाल्यास त्या दिवशी दोन्ही वेळा जेवण होईल आणि रात्रीची झोप पदरात पडेल. एका दिवसाच्या अन्नाने गेलेले महिने भरून येत नाहीत, हे अर्जदाराने वाचले आहे. ती रांगेत उभी राहील एवढे भरून आले तरी पुरे आहे.

८. अर्ज धाडण्यापूर्वी वाचून पाहता असे आढळले की क्रमांक पाच दोनदा पडला आहे. नाना असते तर परत पाठवला असता. अर्जदार वर्षानुवर्षे मुलींच्या वह्या तपासते. तिच्या हातून क्रमांक चुकत नाहीत. परंतु समोर बहीण उपाशी बसलेली असता सकाळचा घास घशाखाली उतरत नाही, आणि भिंतीपलीकडे दिवा जळत असता डोळा लागत नाही, असे गेले काही आठवडे चालले आहे. हे अर्जदाराने कोणाला सांगितलेले नाही. चूक खोडून नवा कागद घ्यावा असे मनात आले होते. ती तशीच ठेवली आहे, कारण या घरात आता काय चालले आहे याचा याहून चांगला दाखला तिला जोडता आला नसता.

आपल्या एका ओळीची वाट पाहणारी,

स्वाती नीलकंठ पुराणिक
झाशी, दि. ३० एप्रिल

सोबत:
(१) कु. देविकेचा अर्ज, नानांच्या मंजुरीसह, सत्यप्रत. मूळ ती उशाशी ठेवते.
(२) रक्ताचा अहवाल.
(३) उत्तरे एक घर सरकलेल्या पेपराची प्रत.
(४) आदेशाचा नमुना, सहीपुरती जागा सोडून:

‘श्री. नीलकंठ पुराणिक यांनी दिलेली मंजुरी तिचे काम पूर्ण झाल्याने समाप्त करण्यात येत आहे. कु. देविका पुराणिक हिने आधी जेवून यावे. मग झोपावे. मग परीक्षेस बसावे. अर्जदारासही लागू.’

शेवटचे दोन शब्द नमुन्यात नव्हते. आत्ता घातले आहेत. योग्य न वाटल्यास खोडावेत.